रेसच्या घोड्याचा सकाळचा सराव: आधी काय, मग काय आणि कुठे चुकतं

इंदूरच्या रेसकोर्स रोडवर रेसकोर्स उरलेलं नाही, नाव तेवढं आहे. पण बायपासच्या पलीकडे आणि महूच्या बाजूला हौशी मंडळींच्या पागांत मुंबई-पुण्याच्या ट्रॅकवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, दिसतात. घोडा ट्रकमधून उतरतो, त्याच्या सवयीही उतरतात. त्याचं वेळापत्रक तेवढं मागे राहतं. मालकाने मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या कठड्याशी उभं राहून समोरून सुसाट गेलेला घोडा पाहिलेला असतो. त्याआधी पाऊण तास तो काय करत होता आणि नंतर तासभर त्याच्याशी काय केलं गेलं, हे कठड्यावरून दिसत नाही. मग इथे घोडा बाहेर काढला, खोगीर घातलं, दोन फेऱ्या चालवला की सोडला भरधाव आणि घामाने निथळता आणून बांधला, असं चालतं.

हा लेख त्या न दिसणाऱ्या वेळेबद्दल आहे. नियम ट्रॅकवरचेच आहेत, पण जागा आपली आहे. म्हणून काळी माती, जुलैची दमट हवा आणि भटकी कुत्री यांचंही सांगितलं आहे. टप्पे दिलेत त्याच क्रमाने घ्या. एखादा उरकता घेतला तर चालेल, पण मागेपुढे करू नका.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की हवी. घोड्याचा दमसास लवकर तयार होतो, पाय मागाहून तयार होतात. काही आठवड्यांच्या नेमाने हृदय आणि मांस तयार होतं. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं यांना महिने लागतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात घोडा अंगात आल्यासारखा उड्या मारतो, लगाम ओढतो, आणि स्वाराला वाटतं की झाला तयार. नेमके तेव्हाच पाय जातात. पुढचा प्रत्येक नियम या अंतरासाठी आहे.

१. आदल्या रात्री

सकाळचं काम रात्री सुरू होतं. शेवटची चंदी, म्हणजे दाण्याचं खाणं, रात्री आठ-नऊला देऊन टाका. पहाटे कामाआधी दाणा नको. दाणा आणि जोराचं काम यांत किमान तीन-चार तास हवेत. मात्र घोडा उपाशीही काढू नका. घोड्याच्या पोटात आम्ल दिवसरात्र तयार होत असतं. पळताना ते उसळून जठराच्या वरच्या, अस्तर नाजूक असलेल्या भागाला लागतं. म्हणून काढण्याआधी अर्धा तास अर्धा-एक किलो सुकं गवत किंवा थोडा लसूणघास खाऊ द्या. पोटात चाऱ्याचा थर असला की आम्ल उसळत नाही.

पाण्याची बादली रात्रभर भरलेली हवी. "पळायचंय, पाणी तोडा" हा सल्ला अजूनही ऐकू येतो. त्यात काही तथ्य नाही.

आपल्याकडे स्वस्त पडतो म्हणून गव्हाचा बारीक भुसाच मुख्य चारा होतो. बारीक भुसा आणि पाणी कमी, या जोडीने आतड्यात गोळा बसतो आणि कॉलिक, म्हणजे पोटशूळ, होतं. भुसा द्यायचाच तर ओला करून, थोडा, आणि लांब गवताच्या जोडीला.

२. अंधारात पाच मिनिटं, हात न लावता

दिवा लावा आणि नुसतं बघा. सईसाला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, "रात्री कसा होता?" विचाराल तर उत्तर ठरलेलं आहे, "एकदम बढ़िया, साहब". त्यापेक्षा गव्हाण, बादली आणि लीद दाखवायला सांगा. चंदी उरली आहे का? पाणी किती उतरलं? लिदीचे रात्रभरात चार-सहा ढीग पडलेत का, गोळे नेहमीसारखे ओलसर आहेत का? घोडा चारही पायांवर सारखा उभा आहे का? मागचा एखादा पाय सैल सोडून विसावणं नेहमीचं आहे. पुढचा पाय पुढे टेकवून उभा असेल तर ते दुखणं आहे.

चंदी टाकून उठलेला घोडा त्या दिवशी कामाला जात नाही. ट्रॅकवरचा हा जुना नियम आहे आणि तो मोडावा असं एकही कारण मला माहीत नाही.

३. थर्मामीटर आणि नाडी

ताप गुदद्वारातून मोजतात. डिजिटल थर्मामीटरला दोरा आणि चिमटा लावा, चिमटा शेपटीला अडकवा, नाहीतर थर्मामीटर लिदीत शोधत बसावं लागतं. विसावलेल्या मोठ्या घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला आतून जाणाऱ्या धमनीवर सापडते. १५ सेकंद मोजून चारने गुणा. अंगठ्याने नाही, बोटांनी.

हे आकडे पुस्तकातले झाले. तुम्हाला तुमच्या घोड्याचे हवेत, आणि ते रोज त्याच वेळी मोजून वहीत लिहिल्याशिवाय मिळत नाहीत. एरवी ३७.६ ला असणारा घोडा ३८.४ दाखवतो तेव्हा पुस्तकाप्रमाणे तो ठीक असतो, पण खरं तर आजारी पडायला लागलेला असतो.

पावसाळा संपता-संपता ही वही फार कामाला येते. माश्या चावून पसरणारा सर्रा याच दिवसांत डोकं वर काढतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. मधल्या दिवसांत घोडा बरा दिसतो, वजन मात्र उतरत जातं, पायांना आणि पोटाखाली सूज येते. दोन दिवसांचे आकडे विस्कटलेले दिसले की डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या.

*थांबा:* तापमान नेहमीपेक्षा अर्धा अंश जास्त, नाकातून घट्ट स्राव किंवा खोकला, यांपैकी काहीही असेल तर आज फक्त हाताने फिरवणं.

४. पाय: इथे घाई नको

सगळ्या सकाळीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि सगळ्यात जास्त उरकला जाणाराही हाच. घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, तेव्हा तिथून सुरुवात करा.

पट्ट्या बांधलेल्या असतील तर सोडा आणि दहा मिनिटं जाऊ द्या. पट्टीखालचा पाय गरमच लागतो आणि अंदाज चुकतो. मग पायाशेजारी शेपटीकडे तोंड करून उभे राहा. हातमोजा नको. गुडघ्याच्या मागे तळवा ठेवा आणि नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मागच्या बाजूने सावकाश खाली आणा. निरोगी टेंडन हाताला ताणलेल्या दोरीसारखं घट्ट, कडा स्पष्ट असलेलं लागतं. मध्येच कुठे ते फुगीर वाटतं का, कडा बुजल्या आहेत का, शेंगदाण्याएवढीसुद्धा जागा गरम आहे का, ते पाहा. मग लगेच त्याच हाताने दुसरा पाय. तुलना नेहमी दोन पायांची. एकट्या पायावरून निवाडा करू नका, आणि डावा-उजवा वेगवेगळ्या हातांनी तपासू नका. आपल्याच दोन हातांची ऊब सारखी नसते.

आता पाय उचलून सैल धरा आणि टेंडन अंगठा-तर्जनीच्या चिमटीत घेऊन वरून खाली दाबत या. जिथे घोडा पाय ओढून घेतो, त्या जागी परत जा. तिथेच परत ओढला तर खात्री झाली. शेवटी खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी लागते का पाहा. एरवी ती जेमतेम जाणवते. ठोके ठळक लागले तर खुरात काहीतरी शिजतंय.

सईस लोक याला "नस बघणं" म्हणतात आणि जुना सईस हे काम तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करतो. तरी मालकाने स्वतः रोज हात फिरवावा. दोन वेगळ्या हातांना एकच गोष्ट लागली की वाद मिटतो.

मग घोडा सपाट, टणक जागी हाताने वीस-तीस पावलं दुडकीने पळवा. दोरी सैल ठेवा, डोकं मोकळं हवं. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. डोळ्यांनी कळेना तर पाठ फिरवून ऐका. नालांचा ठेका एकसारखा हवा.

*थांबा:* गरम, फुगीर, दुखरं यांपैकी एक जरी असेल तरी खोगीर घालायचं नाही. दुखणं दाबणारं इंजेक्शन किंवा पावडर देऊन "आज तेवढं काढू" असं तर मुळीच नाही. औषध दुखणं झाकतं, टेंडन सांधत नाही. थोडी सूज असलेलं टेंडन एका गॅलपमध्ये (भरधाव दौडीत) फाटतं, आणि मग गोष्ट आठवड्यांवरून वर्षावर जाते.

५. खूर आणि नाल

खूर टाचेकडून टोकाकडे साफ करा, हूक आपल्यापासून दूर जाईल असा. तळातल्या मऊ त्रिकोणी भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा नीट मोकळ्या करा. पावसाळ्यात तिथे काळा, कुजका वास येणारा चिखल निघाला तर खूर सडायला लागला आहे. ओल तोडा आणि जागा रोज कोरडी करा. नाल हलवून पाहा. खिळ्यांची वळवलेली टोकं भिंतीतून वर आली असतील तर नाल सैल झाली. अशा नालेने काम नाही, नालबंद येईपर्यंत घोडा पागेत.

काळ्या मातीत हे जास्त जपावं लागतं. पावसाळ्यात ती माती नाल अक्षरशः चोखून काढते आणि मे महिन्यात तिच्या भेगांत खूर अडकतो. नालबंदाला चार ते सहा आठवड्यांनी बोलवा, नाल पडण्याची वाट पाहू नका.

६. खरारा, खोगीर, तंग

पाठ, तंगाची (खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याची) जागा आणि तोंडाचे कोपरे स्वच्छ हवेत, बाकी चकचकाट कामानंतर. पाठीवर तळवा दाबून फिरवा. पाठ दबून जात असेल तर कालचं खोगीर लागलं आहे. खोगीर थोडं पुढे ठेवून मागे सरकवा म्हणजे केस उलटे राहत नाहीत. तंग एका दमात आवळू नका: आधी नुसता लागेल इतका, मग दोन मिनिटं चालवून, मग चढल्यावर एकदा. पुढचे पाय एकेक करून उचलून पुढे ताणा, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी सुटते. जानेवारीत लगामाची लोखंडी कडी तोंडात घालण्याआधी हातात धरून गरम करा.

स्वाराचं: हनुवटीचा पट्टा लावलेलं हेल्मेट, छातीचं जाकीट, टाचेचे बूट. कानात इयरफोन नाही. हेल्मेट न घालता "फक्त चालवायचंय" म्हणणाऱ्याला घोडा देऊ नका, मग तो घरचा जावई का असेना.

७. हवा मोजा

निघण्याआधी मोबाइलवर तापमान आणि आर्द्रता बघा. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, त्यात आर्द्रतेचा टक्का मिळवा. बेरीज १३० च्या आत असेल तर निर्धास्त. १५० च्या वर गेली तर काम निम्मं आणि फक्त हळू. १८० ला घोडा पागेतच.

उदाहरण घ्या. मे महिन्यात पहाटे २७ अंश सेल्सिअस आणि ३५ टक्के आर्द्रता असेल तर ८१ अधिक ३५, म्हणजे ११६. जुलैत २५ अंश आणि ९५ टक्के असेल तर ७७ अधिक ९५, म्हणजे १७२. आपल्याला गार वाटणारी पावसाळी सकाळ घोड्याला जड जाते, कारण घाम सुकत नाही. आपण उन्हाळ्यात जपतो आणि पावसाळ्यात सोडून देतो, तिथे फसतो. मे महिन्यात पावणेसहाच्या आसपास उजाडतं, तेव्हा सातपर्यंत सगळं आटपा. जानेवारीत सात वाजून गेल्यावर सूर्य दिसतो. अंधारात धुक्यात काढण्यापेक्षा उशीर बरा.

घोडा धापा टाकतोय पण अंग कोरडं आहे, असं दिसलं तर काम तिथेच थांबवा. दमट हवेत काही घोड्यांचं घामच येणं बंद होतं आणि अशा घोड्याला उष्माघात फार लवकर होतो.

८. चढणं आणि पहिली पंधरा मिनिटं

ट्रॅकवर स्वाराला पायाला आधार देऊन वर टाकतात आणि घोडा चालता चालताच तो बसतो. त्यामुळे रेसचा घोडा रिकिबीत पाय घालणाऱ्यासाठी थांबत नाही. त्याला खोड म्हणून मारू नका, ते त्याला कोणी शिकवलेलंच नाही. एकाने डोकं धरावं, दुसऱ्याने उंचवट्यावरून चढावं. महिनाभरात घोडा थांबायला शिकतो.

दुसरी सवय जास्त धोक्याची. रेसच्या घोड्याला लगामाचा ताण हा आधार वाटतो. तुम्ही ओढाल तसा तो त्यावर रेलून वेग वाढवतो. थांबवायचं तर ओढून धरू नका. ओढ, सोड, ओढ, सोड, अंग मागे, आणि जागा असेल तर मोठं वर्तुळ घेऊन ते लहान करत आणा.

पहिली १० ते १५ मिनिटं नुसती चाल, लगाम लांब. मग ५ ते १० मिनिटं दुडकी, दोन्ही दिशांना. मुंबई-पुण्यात शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होतात, म्हणून तिथला घोडा उजवीकडे सहज वळतो आणि डावीकडे ताठ असतो. डावीकडच्या फेऱ्या टाळू नका, पण मोठ्या घ्या.

*तपासा:* दुडकीनंतर एकदा थांबा. तंग बघा, श्वास ऐका, चारही पाय सारखे पडतात का ते जमिनीवरच्या माणसाला विचारा. स्वाराला जे कळत नाही ते खालच्याला दिसतं.

९. वेग: घड्याळावर, मनावर नाही

मैदानाच्या कडेला मोजपट्टीने २०० मीटर मोजून दोन खुंट्या ठोका आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. पाठीवर बसल्यावर वेगाचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. २०० मीटरला लागणारा वेळ साधारण असा:

चाल: २ मिनिटं
दुडकी: ५० सेकंद
हलका कँटर (दुडकी आणि भरधाव यांमधली दौड): ३० सेकंद
अर्धा वेग: १८ सेकंद
जोरकाम: १५ सेकंद

शर्यतीच्या आधी छापून येणाऱ्या ट्रॅकच्या बातम्यांत "६०० मीटर, ४० सेकंद, मोकळा धावला" असं वाचायला मिळतं. हा वेग ताशी ५४ किलोमीटर होतो. तो हंगामात मुरलेल्या, वाळूच्या तयार ट्रॅकवर धावणाऱ्या घोड्याचा आकडा आहे. तुमच्या घोड्याला त्याची गरज नाही. काही महिने सुट्टीवर असलेल्या घोड्याला पहिला महिना चाल आणि दुडकीच द्या. दुसऱ्या महिन्यात हलका कँटर, आठवड्याला थोडा वाढवत. अर्धा वेग तिसऱ्या महिन्याआधी नको, तोही ४०० मीटरपुरता. वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा: अंतर किंवा वेग. जोराचं काम आठवड्यात दोनदा पुरे, मध्ये दोन-तीन दिवस हलके.

जमीन दाबून बघा. टाच मारली तर ठसा उमटावा पण बूट रुतू नये. खूर पूर्ण गडप होतो अशा खोल वाळूत कँटर टेंडनला मारक असतो, आणि डांबराच्या कडेने दुडकी नेणं सांध्यांना. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर चालीपलीकडे काहीही नको.

१०. ट्रॅकवर एकमेकांशी वागण्याचे नियम

दोन घोडे एका मैदानावर आले की तो ट्रॅक झाला आणि हे नियम लागू झाले. प्रत्येक रेसकोर्सचे स्वतःचे फलक असतात आणि पाहुण्याने तिथले आधी वाचावेत, पण गाभा सारखाच आहे.

सगळ्यांची दिशा एक. जोरकाम आतल्या कठड्याजवळ, सावकाश चालणारे बाहेरच्या कडेला. आत शिरण्याआधी थांबून दोन्ही बाजू बघा. मागून येणाऱ्याचा हक्क पहिला. रेष सोडू नका. पुढे जायचं तर बाहेरच्या बाजूने, आधी मोठ्याने आवाज देऊन. मध्येच थांबू नका आणि थांबायचं तर हळूहळू बाहेर सरकत. दोन घोड्यांत किमान एका घोड्याचं अंतर. लाथ मारणाऱ्याच्या शेपटीला लाल फीत बांधा, आणि फीत दिसली की अंतर दुप्पट करा.

घोडा सुटला तर पाहणाऱ्याने ओरडून सांगायचं, आणि बाकी सगळ्यांनी चालीवर यायचं. पाठलाग करू नका. घोडा कळपाकडे किंवा पागेकडे जातो; मागे लागलात की त्याला ती शर्यत वाटते. रस्त्याकडचं फाटक आधी बंद करा, मग चंदीची बादली वाजवा.

आपल्याकडचे धोके वेगळे. कुत्र्यांची टोळी आली तर घोड्याचं तोंड त्यांच्याकडे वळवून उभे राहा. पाठ दाखवली की कुत्री मागे लागतात. फिरायला येणाऱ्या आजोबांना हात करून थांबवा, चालीवर या, मग पुढे जा. प्री-वेडिंगवाल्यांचा ड्रोन दिसला तर घोडा आत घ्या. त्यांना समजावण्यात सकाळ जाते.

११. थंड करणं

वेग एकदम तोडू नका. गॅलपवरून कँटर, कँटरवरून दुडकी, मग चाल, याला तीनशे-चारशे मीटर द्या. उतरल्यावर तंग दोन भोकं सैल करा आणि घोडा चालता ठेवा. नाकपुड्या बघा. एका जरी नाकपुडीत रक्ताचा धागा दिसला तरी तो फुप्फुसातून आलेला असू शकतो; त्या आठवड्याचं जोरकाम रद्द, डॉक्टरांना दाखवा.

उकाड्यात थेट पाणी ओता. गार पाण्याने स्नायू आखडतात ही समजूत चुकीची आहे. बादलीमागून बादली अंगभर, मान, छाती, पोट, मांड्या, सलग, मध्ये निथळवत न बसता. श्वास शांत झाला आणि छातीला हात गार लागला की थांबा, अंगावरचं पाणी काढा आणि सावलीत फिरवा. थंडीत उलट: घाम पुसा, खोगिराची जागा ओल्या फडक्याने टिपा, पातळ रग टाका आणि अंग सुकेपर्यंत चालवा.

पाणी लगेच द्या. तापलेल्या घोड्याला तासभर पाणी न देण्याची रीत मोडायला हवी. कोमट किंवा साधं पाणी, पाच-सहा घोट, दोन मिनिटं चाल, पुन्हा घोट, असं करत तहान भागू द्या.

*तपासा:* दहा मिनिटांनी नाडी ६० च्या आसपास किंवा खाली यायला हवी. वीस मिनिटांनंतरही ६४ च्या वर असेल, किंवा हिरडी दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत येत नसेल, तर पाणी ओतत राहा आणि डॉक्टरांना फोन करा. काम झेपलं नाही हा त्याचा साधा अर्थ आहे. वहीत तसंच लिहा.

१२. चंदी, मीठ आणि दुसरी तपासणी

बांधल्यावर आधी गवत. दाणा तासाभराने, श्वास आणि नाडी जाग्यावर आल्यावर. एका वेळेला दोन किलोच्या वर दाणा नको. जास्त द्यायचा तर वेळा वाढवा. घोड्याच्या घामात मीठ भरपूर जातं, म्हणून रोज ३० ग्रॅमच्या आसपास साधं मीठ चंदीत, आणि घाम गाळलेल्या दिवशी थोडं अधिक. मीठ घालाल त्या दिवशी बादली दोनदा बघा.

तासाभराने चौथा टप्पा परत करा. कामानंतर लगेच चारही पाय गरमच असतात. तासाने तीन निवतात आणि एक निवत नाही, तो तुमचा पाय. वीस मिनिटं बर्फाचं पाणी, आराम, आणि संध्याकाळी पुन्हा हात. पट्टी बांधायचीच तर खाली जाड कापूस, ताण एकसारखा, आणि बारा तासांच्या आत सोडून पुन्हा बांधणं. घट्ट, सुरकुती पडलेली पट्टी चांगल्या टेंडनलाही इजा करते. नीट बांधता येत नसेल तर पाय उघडा ठेवा.

१३. सुट्टीचा दिवस

आठवड्यात एक दिवस काम नाही, पण दिवसभर खुंट्याला बांधून ठेवणंही नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास हाताने फिरवा किंवा वाड्यात मोकळा सोडा. आणि त्या दिवशी दाणा निम्मा करा, गवत वाढवा. इथे सगळ्यात जास्त चूक होते: रविवारी आराम म्हणून पूर्ण हरभरा-जव घातला जातो, सोमवारी घोडा बाहेर काढला की पंधरा-वीस मिनिटांत पावलं आखूड पडतात, पुठ्ठे दगडासारखे कडक होतात, घाम सुटतो आणि तो जागचा हलायला तयार नसतो. स्वाराला वाटतं आळस करतोय. चाबूक बाजूला ठेवा, तिथेच उतरा, खोगीर काढा, पाठीवर रग टाका. पागेपर्यंत चालवत नेऊ नका. लांब असेल तर गाडी बोलवा. लघवी कॉफीच्या रंगाची आली तर स्नायू तुटून त्यातला रंग मूत्रपिंडातून जातो आहे. पाणी पुढे ठेवा, दाणा पूर्ण बंद करा आणि डॉक्टर येईपर्यंत घोडा आहे तिथेच उभा राहू द्या.